उशीवाले डॉक्टर

डॉ. इरय्या मठपतींची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आणि एकदाही पूर्ण सांगितली नाही. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांच्या सहलीत, पुढे नातवंडांसमोर, जिथे हशा हवा असेल तिथे मी त्यांना उभं करायचो. त्यांच्यासारखं नाक फुलवायचो, हशा वसूल करायचो आणि एका ठरावीक जागी थांबायचो. त्या जागेच्या पुढचं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ऐकणारे फारसे उरले नाहीत आणि मलाही फार टाळता येईल असं वाटत नाही. म्हणून लिहून टाकतो. सुरुवात मात्र नेहमीसारखी उशीपासूनच करतो, कारण मठपतींची सुरुवात दुसरीकडून होतच नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापूरच्या भवानी पेठेत एका दुमजली इमारतीत खाली माझा दवाखाना होता आणि वर मठपतींचा. मी साधा एमबीबीएस, ते छातीच्या रोगांचे तज्ज्ञ. कुठल्याशा सॅनेटोरियममध्ये बरीच वर्षं काढून आलेले. त्यांचा रोगी ओळखायला पाटी वाचावी लागत नसे. ज्याच्या काखेत उशी, तो वर जाणार.

नवा रोगी आला की मठपती त्याच्या छातीला हातही लावत नसत. "उशी आणलीस?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की, "जा, घेऊन ये. रोज डोक्याखाली असते तीच. धुऊन आणलीस तर परत पाठवीन." मग तो बिचारा दुसऱ्या दिवशी तेलकट, पिवळी पडलेली, बायकोने लाजून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली उशी घेऊन जिना चढायचा. मठपती उशी खिडकीतल्या उन्हात धरून तिच्यावर थाप मारायचे आणि उडालेली धूळ एखाद्या कीर्तनाला बसल्यासारखी बघत राहायचे. मग डोळे मिटून नाक उशीत खुपसायचे. अगदी आत. बाहेर आले की म्हणायचे, "नोडोण, नोडोण." ते मूळचे मैंदर्गीचे, घरी कानडी. 'नोडोण' म्हणजे पाहू या. कधीकधी ब्लेडने उशीची शिवण उसवून आतला कापूस चिमटीत घ्यायचे. रोग्याला वाटायचं, यांना आता या उशीत दागिना सापडणार.

एकदा मोहोळकडची एक बाई आली. जिन्यात चाललेलं सगळं संभाषण मला खाली ऐकू आलं.

"उशी न्हाय जी आमच्यात. हाताचीच उशी करून निजतो की."

"मग पांघरतेस ते आण."

"वाकळ? ती समदी मिळून पांघरतो आमी."

"मग सगळ्यांनाच घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या डोक्यावर गुंडाळलेली वाकळ, मागे बाई, तिच्यामागे सासू अशी मिरवणूक माझ्या दारावरून गेली. माझ्या बाकावर बसलेली एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "कोण गेलं म्हणायचं, डॉक्टर?"

इथे मी नेहमी थांबून हशा घ्यायचो. पुढचं सांगायचो नाही. मठपतींनी त्या वाकळीचा वास घेतला आणि विचारलं, "निजता कुठं?" ती म्हणाली, "कडब्याच्या खोपीत." कडबा पावसात भिजून कुबटला होता. त्या बुरशीची धूळ दर रात्री तिच्या छातीत जात होती. मठपतींनी कडबा बाहेर काढायला लावला, थोड्या गोळ्या दिल्या, आणि बाई बरी झाली. मी तिला आधी क्षयाच्या सुया टोचत होतो.

आमच्या काळातल्या आम्हा डॉक्टर मंडळींबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर मठपती एकटेच विक्षिप्त वाटतील. माणूस खोकतोय, वाळलाय आणि फोटोत छातीवर डाग आहे, म्हणजे क्षय. निदानाला लागणारा वेळ चहा थंड होण्याइतकासुद्धा नव्हता. बेडका तपासायला पाठवायचा, तपासणीत जंतू नाहीत असं आलं तर तपासणाऱ्याला नावं ठेवायची आणि स्ट्रेप्टोमायसिन सुरू करायचं. रोगी बरा झाला तर आपण, गेला तर क्षय. या व्यवस्थेत आम्ही सगळे सुखी होतो, आणि तिच्यात हा माणूस उशा घेऊन घुसला.

"अरे शेटे," ते मला म्हणायचे, "क्षय म्हणजे काय टपालाचा शिक्का आहे का, दिसेल त्यावर मारायला?"

गिरणी कामगार आला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "दम सोमवारी जास्त लागतो की शनिवारी?" रविवारी आमची डॉक्टर मंडळी एका हॉटेलात जमत. तिथे मी मठपतींना थेट विचारलं, "दम्याला वार कळतो का हो?"

"कापसाला कळतो," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी छाती सवय विसरते. सोमवारी पहिल्यांदा धूळ गेली की आवळते. विचारून बघ एकदा."

मी विचारून बघितलं नाही. त्याऐवजी पुढच्या रविवारी, ते नसताना, त्यांची नक्कल केली. हॉटेलच्या खुर्चीवरची गादी उचलून तिच्यात नाक खुपसलं आणि गंभीरपणे म्हटलं, "नोडोण. हिला मंगळवारचा क्षय आहे." मंडळी हसून लोळली. तेव्हापासून दर रविवारी मला फर्माईश होई. सोलापुरातला विनोदी डॉक्टर अशी माझी ओळख झाली ती या माणसाच्या नाकावर.

त्यांना घरी बोलावणं हेही धाडस होतं. आमच्याकडे एकदा ते जेवायला आले. बायकोने हौसेने ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे असा बेत केला होता. हा गृहस्थ दिवाणावर बसला, लोड उचलला, हुंगला आणि तिला विचारलं, "वहिनी, सकाळी शिंका येतात?" बायकोचा चेहरा पडला. पाहुणा आपल्या लोडाचा वास घेतो ही गोष्ट ती मरेपर्यंत विसरली नाही. शिंका मात्र तिला लग्न झाल्यापासून येत होत्या. मी त्याला सर्दी म्हणत होतो. लोडातला जुना कापूस बदलला तशा त्या थांबल्या. याचंही श्रेय मी मठपतींना कधी दिलं नाही, बायकोच्या शुक्रवारच्या उपासांना दिलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. साखर पेठेत गच्चीवरची एक खोली, मैंदर्गीला एक विधवा बहीण, एवढाच संसार. दुपारचा डबा उभ्याउभ्याच खायचे, खिडकीशी. मी म्हणायचो, बसले तर खुर्चीचाही वास येईल म्हणून.

आता त्या जागेपर्यंत आलो. इथून पुढे हशा नाही.

दस्तगीरचाचा हा माझा रोगी. गिरणीच्या मागखात्यातून निवृत्त झालेला, उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा, आणि पेठेत नाव असलेला कबूतरबाज. घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, त्याची ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं खुराडं. दिवसभर तो तिथेच असायचा. बांबूला बांधलेलं फडकं हलवायचा, शीळ घालायचा आणि आभाळात गेलेला थवा बोटावर उतरवल्यासारखा खाली आणायचा. त्याला कोरडा खोकला लागला, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, अंगावरचं मांस उतरलं. फोटोत बारीक डाग. मी शिक्का मारला आणि सुया सुरू केल्या. चाचा आणखी खंगत गेला. एक दिवस त्याचा मुलगा मला न विचारता त्याला वर घेऊन गेला. काखेत उशी.

मठपतींनी थाप मारली. पांढरी, पिठासारखी भुकटी उडाली. "कबुतरं?" त्यांनी विचारलं.

चाचाचा चेहरा उजळला. "हौ! क्या उम्दा कबूतरां हैं, डाक्टरसाब. एक बार देखने आव."

"मध्ये कुठं परगावी गेला होतास?"

"गुलबर्गे कू गया था. उरूस कू."

"तिथं खोकला?"

"नै. वहाँ तो मैं घोडे के सरीखा फिऱ्या."

गुलबर्ग्याचं हे चाचाने मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, पीराची कृपा. मठपतींनी त्यातून रोग काढला. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची भुकटी चाचाच्या फुप्फुसांना सोसत नव्हती. दुसऱ्या कोणाला काही होत नाही, पण एखाद्याची छाती तिच्याशी वैर धरते आणि आतून घट्ट होत जाते. वेळेवर लांब केलं तर माणूस सावरतो.

"कबुतरं जायला पाहिजेत," मठपती म्हणाले.

"मैं जातूं," चाचा म्हणाला. "कबूतरां कू रहने देव."

यावर आठवडाभर भांडण चाललं. विकायची म्हटलं तर घेणारे सगळे कबूतरबाज, म्हणजे चाचाचे जन्माचे शत्रू. "मेरे कबूतरां उसकी ढाबळ में? नक्को. उस्से अच्छा मेरा गला दबाव." शेवटी मठपतींनी जे केलं ते सोलापुरात दुसऱ्या कोणी केलं नसतं. ती सगळी कबुतरं त्यांनी स्वतःच्या गच्चीवर आणली. जाळीचं मोठं खुराडं करून घेतलं. तोंडाला फडकं बांधून सकाळ-संध्याकाळ त्यांना ज्वारी घालू लागले. कबूतर कितीही दिवसांनी सुटलं तरी जुन्या घरी परत जातं, म्हणून ही मंडळी कायम कोंडलेली. चाचाला जिना चढायची बंदी होती. तो रोज संध्याकाळी खालच्या गल्लीत येऊन उभा राहायचा आणि शीळ घालायचा. वर जाळीत फडफड उठायची. मठपती कठड्यावरून वाकून एकेकाची खबर द्यायचे. "तो काळा आज नीट खात नाही." "उसकू मक्का देव, डाक्टरसाब. ज्वारी पे रूठता वो." हा संवाद ऐकायला गल्लीतली पोरं जमायची.

चाचा अंगाने भरू लागला. खोकला गेला. एक दिवस तो भरलेली पिशवी घेऊन माझ्या दवाखान्यावरून झपाझप चालत गेला आणि बाकावरचे रोगी त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघू लागले. माझे तीन-चार रोगी त्या आठवड्यात उशा घेऊन वर गेले.

त्यानंतर काही दिवसांनी चाचा नातीच्या खोकल्याचं औषध घ्यायला माझ्याकडे आला. मी बाटली भरता भरता म्हणालो, "काय चाचा, कबुतरं बरी आहेत ना डॉक्टरांची?"

"डाक्टर की नै. मेरी हैं."

"तुमची? दाणा ते घालतात, खुराडं त्यांचं. तुमची कशी?" मी बूच घट्ट बसवलं. "मला एक सांगा, कबुतरांनी माणूस मरत असता तर त्यांनी स्वतः पाळली असती का? एवढा शिकलेला माणूस. चांगली कबुतरं होती, आवडली. तुम्ही साधे."

मी गमतीत बोललो, असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगितलं. पण बोलताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वाक्य कुठे लागतंय ते मला दिसत होतं.

चाचा बाटली घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी मठपती दवाखान्यात असताना तो साखर पेठेत गेला, बंदी मोडून जिना चढला आणि जाळीचं दार उघडलं. तो घरी पोचायच्या आत कबुतरं माळवदावर जाऊन बसली होती.

हिवाळ्यात चाचाचा मुलगा मला बोलवायला आला. मी गेलो तेव्हा गल्लीत, चाचाच्या दारासमोर, मठपती उभे होते. चाचाने त्यांना चोर म्हणून घराबाहेर काढलं होतं, आणि तरी ते रोज येऊन तिथे उभे राहत होते, आधी चाचा त्यांच्या गल्लीत उभा राहायचा तसे. त्यांनी माझा दंड धरला.

"शेटे, तुझं ऐकेल तो. माझं ऐकत नाही. तू सांग."

"काय सांगू?"

"काहीही सांग. क्षय आहे म्हण. क्षयाला कबुतरं चालत नाहीत म्हण. तुझंच निदान बरोबर होतं म्हण, मी चार माणसांत कबूल करतो. पण कबुतरं हलव. अजून सावरेल तो."

मी दंड सोडवून आत गेलो. चाचा माळवदाच्या जिन्याखालीच खाट टाकून झोपला होता. वरून घुटर्रघूं ऐकू येत होतं. त्याचे ओठ निळसर झाले होते. उशीवर पांढरी भुकटी मला स्वतःला दिसली, नाक न खुपसता. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तुम अच्छा बोले थे, डाक्टरसाब. मेरी चीज मेरे घर आई."

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर उशीवाला डॉक्टर बरोबर होता हे माझ्याच तोंडून सिद्ध झालं असतं. मी स्ट्रेप्टोमायसिनची सुई दिली आणि बाहेर आलो. मठपतींनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "हो. ऐकत नाही."

चाचा तो हिवाळा काढू शकला नाही. दाखल्यावर मरणाचं कारण मी लिहिलं: क्षय. पेठेत बोललं गेलं की मठपतींच्या गोळ्यांनी म्हातारा गेला. मी ते खोडून काढलं नाही. त्या रविवारी मंडळींनी नक्कल करायला सांगितली, आणि मी केली.

मुलाला कबुतरं बाजारात विकायची होती. ती पुन्हा मठपतींनीच नेली. आता गल्लीत शीळ घालायला कोणी नव्हतं. मग ते स्वतःच गच्चीवर शीळ घालायला शिकू लागले. साखर पेठेतले लोक सांगत, भलतीच बेसूर शीळ असते. कबुतरं ढिम्म हलत नाहीत आणि डॉक्टर त्यांना कानडीत काहीतरी समजावत बसतात.

पुढच्या वर्षी मला छतातून त्यांचा खोकला ऐकू येऊ लागला. कोरडा, तोकडा, संध्याकाळी वाढणारा. मी काही छातीचा तज्ज्ञ नव्हे, पण तो खोकला मी ओळखला. चाचाच्या घरात ऐकला होता तो मी. त्यांनी तर माझ्या कितीतरी आधी ओळखला असणार. तरी कबुतरं होतीच.

एका दुपारी मी घरून माझी उशी आणली. नुसतं वर जायला मला काहीतरी निमित्त हवं होतं. जिना चढताना मी वाक्य पाठ करत होतो: डॉक्टर, दस्तगीरचे कान मी भरले, आणि त्या दिवशी आत जाऊन मी त्याला काहीच सांगितलं नाही.

मला उशीसकट दारात बघून मठपती हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला. उशी उन्हात धरली, थाप मारली, डोळे मिटून हुंगली. मला हे सगळं मी दर रविवारी करायचो त्याहून फार वेगळं दिसलं. नक्कल करताना मी नाक फुलवायचो. ते फुलवत नव्हते. झोपलेल्या तान्ह्याच्या टाळूचा वास घ्यावा, तसं ते हळूच करत होते.

"उशी चांगली आहे," ते म्हणाले. "झोप लागत नाही का तुला?"

मी मान हलवली. नाही आणि हो, दोन्ही अर्थ निघतील अशी.

त्यांनी उशीचा अभ्रा नीट केला, कोपरे बाहेर काढले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दस्तगीरचं माझ्या मनातून जात नाही, शेटे. चूक माझी झाली. कबुतरं मैंदर्गीला बहिणीकडे पाठवायला हवी होती. मला वाटलं, रोज संध्याकाळी नुसती दिसली तरी त्याला बरं वाटेल. आणि खरं सांगू, मलाही संध्याकाळी कोणीतरी खालून हाक मारायचं, ते बरं वाटायचं."

मी तोंड उघडलं.

"होतं असं, डॉक्टर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि उशी माझ्या हातात दिली. मी ती काखेत घेऊन खाली उतरलो. माझ्या बाकावरचे रोगी माझ्याकडे बघत होते.

त्याच वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते मैंदर्गीला गेले. आजारी आहेत असं कळल्यावर मी एकदा निघालो होतो. अक्कलकोटच्या स्टँडवर उतरलो, मैंदर्गीची गाडी लागलेली होती, चहा घेतला आणि सोलापूरच्या गाडीत बसलो. पुढे ते गेल्याचं कळलं.

जिन्यात पाठ केलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं पाठ आहे.